नगरला निघालेल्या अमेरिकन मिशनऱ्याचं घरी लिहिलेलं पत्र: वाचायचं कसं, साल ठरवायचं कसं?

सीनाकाठ (प्रश्न)

नगरच्या अमेरिकन मराठी मिशनवर एक स्थानिक इतिहासाची पुस्तिका तयार होत आहे. तिच्यासाठी एका पत्राचं स्कॅन मिळालं आहे. पत्र लिहिणारा तरुण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरच्या धर्मशास्त्र विद्यालयात शिकत होता. इकडे येण्यासाठी त्याची नेमणूक झाली आहे आणि तो आईवडिलांना लिहितो आहे. मूळ कागद अमेरिकेत त्याच्या घराण्यातल्या लोकांकडे आहे, त्यामुळे पुन्हा स्कॅन करून मागवता येईल.

कागद एकच आहे, मधोमध दुमडून चार पानं केलेला. वर ‘सॅबथ ईव्ह., फेब. १६’ एवढंच लिहिलंय, साल नाही. चौथ्या पानावर वडिलांचं नाव आणि न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावाचा पत्ता आहे. अँडोव्हरचा गोल शिक्का आहे, त्यात १७ फेब्रुवारी आहे, पण सालाचा पत्ता नाही. कोपऱ्यात शाईने १८¾ असा आकडा आहे. तिसऱ्या पानाच्या उजव्या कडेला भोक आहे. पहिल्या पानावर उभ्या मजकुरावर आडवा मजकूर लिहिला आहे, तो अजिबात लागत नाही. जे लागलं त्यात अहमदनग्गर, सीरूर, ‘ब्रदर बॅलंटाइन’, ‘पी. सी.’ आणि ‘आउटफिट’ हे शब्द आहेत. आईकडे शर्ट मागितले आहेत.

हे वाचायचं कसं, साल कसं काढायचं आणि मराठीत छापताना काय सांभाळायचं?

---

दौत-टाक

शब्दांमागे लागण्याआधी कागद समजून घ्या. त्या काळात पाकीट वापरत नसत, कारण टपाल खातं कागद मोजून पैसे घ्यायचं आणि पाकीट म्हणजे आणखी एक कागद धरला जायचा. तोच कागद घडी घालून, चिकटवून, बाहेरच्या बाजूला पत्ता लिहून टाकायचा. आपलं निळं अंतर्देशीय आठवा, रचना तीच. यातून वाचनाचा क्रम ठरतो: पान १, २, ३, मग चौथ्या पानावर पत्त्याच्या वर-खाली ज्या पट्ट्या घडीत आत जातात त्यावरचा मजकूर, मग समास, मग पहिल्या पानाच्या माथ्यावर उलटं लिहिलेलं, आणि सगळ्यात शेवटी पहिल्या पानावरचा आडवा मजकूर. म्हणजे तुम्हाला न लागणारा भाग हा पत्राचा शेवट असण्याची शक्यता फार मोठी आहे. तो सोडून अनुवाद करू नका. घरच्यांसाठीचं सगळ्यात जिव्हाळ्याचं बोलणं बहुतेकदा तिथेच कोंबलेलं असतं.

तिसऱ्या पानावरचं भोक लाखेचं किंवा वेफरचं आहे. वेफर म्हणजे पिठाची पातळ चकती, ओली करून चिकटवायची. पत्र घाईने फोडलं की तिथला कागद फाटून दुसऱ्या बाजूला चिकटून राहायचा. म्हणून भोकातले शब्द हरवले असं लगेच धरू नका. चौथ्या पानाच्या कडेला चिकटलेला तुकडा आहे का ते घराण्यातल्या लोकांना बघायला सांगा. असला तर तो ओढून काढू नये, आहे तसाच फोटो घ्यावा.

आडव्या मजकुरासाठी:

१. स्कॅन किमान ६०० डीपीआय, रंगीत, टिफ स्वरूपात मागवा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत उपयोगाची नाही, ती दाबली जाते आणि बारीक रेघा आधी जातात.

२. चित्र नव्वद अंशांत फिरवा. एक दिशा पूर्ण वाचून, टंकून संपवा आणि मगच दुसरीकडे वळा. दोन्ही दिशा एकत्र वाचायला गेलात की डोळा प्रत्येक छेदाशी अडकतो.

३. गिंप या चित्रं हाताळायच्या प्रोग्राममध्ये चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे करून बघा. फिकट तपकिरी झालेली लोहशाई निळ्या थरात सगळ्यात गडद दिसते. उलट, शाई अजून काळी असेल आणि त्रास कागदावरच्या पिवळट डागांचा असेल तर लाल थर घ्या, डाग विरतात आणि अक्षर राहतं.

४. मागच्या पानाची शाई पुढे उमटली असेल तर मागच्या पानाचं चित्र आरशातल्यासारखं उलटं करून शेजारी ठेवा. कोणती रेघ कुठली ते कळतं.

ट्रान्सक्रिबससारखी हस्तलेखन वाचणारी साधनं साध्या पानांवर बरा पहिला मसुदा देतात. आडव्या-उभ्या पानावर मात्र ती ओळीच चुकीच्या पकडतात, तिथे हातानेच वाचा.

अक्षरांत दोन ठिकाणी हमखास फसगत होते. शब्दात दोन एस लागोपाठ आले की पहिला लांब, एफसारखा काढायची रीत हस्ताक्षरात १८५० च्या आसपासपर्यंत दिसते, त्यामुळे ‘ब्लेस’ हा शब्द ‘ब्लेफ्स’ वाटतो. आणि मोठा आय व मोठा जे पुष्कळांच्या हातचे सारखेच असतात. तारखेच्या जवळ ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट.’ म्हणजे मागचा महिना. ‘डी. व्ही.’ म्हणजे देवाची इच्छा असेल तर. प्रवासाच्या प्रत्येक बेतापुढे ते येईल.

मूळ कागदाबद्दल एकच कळकळीची विनंती पोचवा: लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, आणि डाग काढायला पाणी तर मुळीच नको. लोहशाई आम्लधर्मी असते आणि ओल लागली की ती कागदात पसरून त्याला आणखी खाते. हात धुऊन, कोरडे करून कागद धरावा. हातमोजे घालू नयेत, त्यात बोटांना कड जाणवत नाही आणि कागद फाटतो.

---

जुना शिक्का

साल काढायला तुमच्याकडे भरपूर आहे.

आधी आकडा. अमेरिकेत १८१६ पासून एका कागदाच्या पत्राला अंतरानुसार दर होता: ३० मैलांपर्यंत ६ सेंट, ८० पर्यंत १०, १५० पर्यंत साडेबारा, ४०० पर्यंत साडेअठरा आणि त्यापुढे २५. १८२५ मध्ये साडेअठराचे पावणेएकोणीस झाले. १ जुलै १८४५ पासून ही सगळी पद्धतच गेली. अर्ध्या औंसाला ३०० मैलांपर्यंत ५ सेंट आणि पुढे १०, असा वजनाचा दर आला. म्हणजे १८¾ हा आकडा तुमचं पत्र १८२५ ते जून १८४५ यांच्यामध्ये बसवतो. अँडोव्हर ते न्यूयॉर्क राज्यातलं गाव हे अंतरही १५० ते ४०० मैलांत बसायला हवं, नकाशावर त्या वेळच्या रस्त्याने मोजून बघा. बसलं नाही तर आकडा पुन्हा वाचा.

मग वार. ‘सॅबथ’ म्हणजे या मंडळींचा रविवार. १६ फेब्रुवारीला रविवार त्या काळात फक्त १८३४, १८४० आणि १८४५ या वर्षी आला. शिक्का १७ तारखेचा, म्हणजे सोमवारी पत्र टपालात पडलं. जुळतं.

आता मजकूर. हेन्री बॅलंटाइन १८३५ मध्ये भारतात आले. त्यांचं नाव नगरच्या संदर्भात असेल तर १८३४ बाद. उरली १८४० आणि १८४५.

इतर पत्रांसाठीही उपयोगी पडेल म्हणून लिहितो. ‘मिस्टर एव्हर्ट्स’ हे नाव आलं तर ते अमेरिकन बोर्डाचे (मिशनरी पाठवणारी बोस्टनमधली संस्था) चिटणीस जेरेमाया एव्हर्ट्स, ते १८३१ मध्ये वारले. ‘अँडरसन’ आले तर रूफस अँडरसन, ते १८३२ पासून १८६६ पर्यंत परराष्ट्र पत्रव्यवहार बघत होते, त्यामुळे तुमच्या दोन सालांत निवड करायला त्यांचा उपयोग नाही. नगरचं ठाणं १८३१ च्या अखेरीला सुरू झालं. त्याआधीच्या पत्रात नगर येईल ते फक्त गावाचं नाव म्हणून.

कोपऱ्यात ‘पेड’ असं लिहिलं आहे का? नसेल तर पैसे वडिलांनी पत्र घेताना भरले. प्रेषकाने आधी पैसे भरायची सक्ती अमेरिकेत १८५५ मध्ये आली, तोवर घेणाऱ्यावर भार टाकता येत असे. दुसरा कागद जोडला असता तर वडिलांना साडेसदतीस सेंट पडले असते. आडवं लिहिण्याचं कारण ते आहे.

---

सीनाकाठ

‘पेड’ नाही. निळ्या थरात बघितल्यावर आडव्या मजकुरातलं एक वाक्य लागलं: नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा आहे आणि होणाऱ्या बायकोला तिथे काम मिळेल, असा अर्थ आहे. यावरून साल ठरेल का?

---

जुना शिक्का

पारडं १८४५ कडे झुकतं. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या. परदेशी मिशनला बोर्डाने पाठवलेल्या सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. नगरला त्या १८३९ मध्ये आल्या. शिडाच्या जहाजाने पत्र पोचायला चार-पाच महिने, मग ते बोस्टनहून मासिकात छापून यायचं, मग अँडोव्हरला वाचलं जायचं. फेब्रुवारी १८४० मध्ये ‘शाळा आहे’ असं स्थिरावलेल्या सुरात लिहिणं जरा लवकरचं वाटतं. अशक्य मात्र नाही, कारण बोर्डाच्या कचेरीतून त्याला बेत आधीच कळलेला असू शकतो. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचं नाव किंवा ‘नगरहून निघणारं नियतकालिक’ असा काही उल्लेख सापडला तर १८४५ असा निकाल लागला, ते १८४२ मध्ये सुरू झालं. तो उल्लेख नसला तर त्यावरून काही ठरत नाही.

खात्रीसाठी बोर्डाच्या ‘मिशनरी हेरल्ड’ मासिकाचे १८४० आणि १८४५-४६ चे अंक चाळा. प्रत्येक तुकडी जहाजावर चढली की जहाजाचं नाव, बंदर, तारीख आणि माणसांची नावं त्यात छापत. जुने अंक इंटरनेट अर्काइव्हवर आणि हाथीट्रस्टवर फुकट वाचायला मिळतात. पुस्तिकेत तोवर ‘१८४० किंवा १८४५’ असंच छापा.

---

वडाळ्याची वाट

पत्रातल्या गोष्टींबद्दल लिहितो, कारण अनुवादात सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

अँडोव्हरचं विद्यालय १८०८ मध्ये सुरू झालं. अभ्यास तीन वर्षांचा: हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल, मग धर्मसिद्धान्त, मग प्रवचनकला. मराठी तिथे शिकवत नसत. ती इथे उतरल्यावर पंडित ठेवून शिकायची. त्यामुळे पत्रात एखादा मराठी शब्द किंवा गावाचं नाव आलं तर ते त्याने ‘हेरल्ड’मध्ये वाचून किंवा इथून आलेल्या पत्रातून उचललेलं आहे. त्याचं स्पेलिंग त्याचं नसतं. सीरूर म्हणजे शिरूर, नग्गर म्हणजे नगर, माल्कम पेठ म्हणजे महाबळेश्वर, वडाले म्हणजे नेवाशाकडचं वडाळा. वाटही ओळखून ठेवा: मुंबईहून होडीने पनवेल, खंडाळ्याचा घाट, पुणे, शिरूर, नगर. पत्रात ‘द घॉट्स’ आलं तर तो नदीकाठचा घाट नव्हे, सह्याद्री.

‘पी. सी.’ म्हणजे प्रुडेन्शियल कमिटी, बोर्डाचं बोस्टनमधलं कार्यकारी मंडळ. कोण जाणार, कुठे जाणार, कधी जाणार हे तीच ठरवायची. म्हणून ‘पी. सी.ने अजून सांगितलं नाही’ हे वाक्य चालढकलीचं नाही. मुलाच्या हातात खरंच काही नसे. १८३७ च्या मंदीत बोर्ड कर्जात गेलं आणि नेमणूक झालेल्यांनाही थांबवून ठेवावं लागलं. त्यानंतरच्या पत्रांत निघण्याच्या तारखेबद्दल इतकी सावधगिरी असते ती त्यामुळे.

क्रम साधारण असा: बोर्डाला अर्ज, ओळखीच्या पाळकांची आणि शिक्षकांची शिफारसपत्रं, नेमणूक, जमलं तर काही वैद्यकीय व्याख्यानं, लग्न, पाळकपदाची दीक्षा, जाहीर सभेत लेखी सूचनांचं वाचन आणि मग जहाज. शेवटचे टप्पे फार भराभर पडत. पहिल्या तुकडीचंच बघा: ५ फेब्रुवारी १८१२ ला अडोनिराम जडसनचं लग्न, ६ तारखेला सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच जणांची दीक्षा, ९ तारखेला सॅम्युएल न्यूएलचं लग्न, १९ तारखेला ‘कॅरव्हान’ जहाज सुटलं, १७ जूनला कलकत्ता. त्यांच्यातला गॉर्डन हॉल दुसऱ्या जहाजाने निघाला आणि ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरला. मराठी मिशनची सुरुवात ती. म्हणून पत्रात लग्न आणि शर्ट एकाच परिच्छेदात आले तर त्याला कोरडेपणा समजू नका, दोन्हीची तयारी त्याच पंधरवड्यात करायची असे.

‘आउटफिट’ म्हणजे नुसता पोशाख नव्हे. प्रवासाला आणि तिकडे घर मांडायला लागणारं सगळं सामान त्यात आलं: कपडे, बिछाना, भांडी, पुस्तकं. बोर्ड त्यासाठी रक्कम देई, पण बरंचसं घरून आणि गावच्या बायकांच्या मंडळांकडून येई. शर्ट डझनांनी मागितले जात, कारण चार-पाच महिन्यांच्या प्रवासात गोडं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला राखून ठेवायचं, धुण्याला मिळत नसे. आकडा लागला असेल तर तो अनुवादात गाळू नका. वाचकाला प्रवासाची लांबी त्या आकड्यातूनच कळते.

आणखी एक. ‘यानंतर बोस्टनहून लिहीन, मग पायलटबरोबर’ असं काही शेवटी आहे का बघा. जहाज बंदराबाहेर काढून देणारा पायलट परत किनाऱ्याला यायचा, त्याच्या हाती शेवटची पत्रं देत. असा उल्लेख असेल तर घराण्याकडे त्याच हाताचं आणखी एक छोटं पत्र असू शकतं. जरूर विचारा.

---

पेठेतला पाठक

वरच्या सगळ्याला पूर्ण सहमती. फक्त शोधाच्या बाबतीत एक भर. बोर्डाचे कागदपत्र हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. पण तिथे सापडतं ते बोर्डाला लिहिलेलं: अर्ज, शिफारसपत्रं, इथून पाठवलेले अहवाल. आईवडिलांना लिहिलेलं पत्र आईवडिलांकडेच राहतं. तुमच्या हातात आहे ते म्हणूनच मोलाचं. त्याच माणसाचा अर्ज हॉटनमध्ये मिळाला तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा. अर्जात तो ‘मला बोलावणं का आलं’ हे मांडतो आणि घरी ‘तुम्ही मला सोडायला तयार आहात का’ हे विचारतो. माणूस दोन्ही मिळून दिसतो.

आणि छापील प्रतीवर आंधळा विश्वास नको. अशी पत्रं ‘हेरल्ड’मध्ये किंवा पुढे चरित्रात छापताना संपादक उतारे निवडत, नावांच्या जागी रेघा टाकत, घरगुती भाग गाळत. पहिल्या तुकडीतल्या सॅम्युएल न्यूएलची बायको हॅरिएट ३० नोव्हेंबर १८१२ ला मॉरिशसला वारली, वय १९. तिची पत्रं १८१४ मध्ये छापून आली आणि अमेरिकाभर वाचली गेली. त्यानंतर निघालेल्या प्रत्येक तरुणाला ठाऊक होतं की आपलं पत्र आई शेजारणीला दाखवील, पाळक महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या प्रार्थनासभेत वाचील आणि आपण मेलो तर ते छापलं जाईल. पहिल्या तीन पानांचा उपदेशाचा सूर त्यातून येतो. म्हणून आडव्या भागातला सूर वेगळा वाटला तर तो अनुवादातही वेगळाच ठेवा, सगळं एका इस्त्रीखाली आणू नका.

---

सीनाकाठ

एक अडचण राहिली. दुसऱ्या पानावर इथल्या लोकांबद्दल कठोर शब्द आहेत, अंधारात बुडालेले वगैरे. पुस्तिका गावातल्या सगळ्या समाजांत वाटली जाणार आहे. ते सौम्य करावं, गाळावं की तसंच ठेवावं?

---

पेठेतला पाठक

तसंच ठेवावं. सौम्य केलंत तर ते पत्र त्याचं राहत नाही, आणि गाळलंत तर पुढे मूळ प्रत बघणारा माणूस तुमच्या बाकीच्या अनुवादावरही विश्वास ठेवणार नाही. तळटीप द्या, दोन ओळींची: लिहिणाऱ्याने तोवर हा देश पाहिलेला नाही, ही भाषा सभांतल्या भाषणांतून आणि मासिकांतून त्याच्यापर्यंत आली आहे, त्या वेळी तिकडे ती सर्रास होती. समर्थन नको, माफीनामाही नको. शक्य असेल तर त्याच माणसाचं नगरला काही वर्षं काढल्यानंतरचं एखादं पत्र शेजारी छापा. भाषा बदलली की नाही ते वाचक स्वतः बघतील, आणि बदलली नसेल तर तेही लोकांना दिसू द्या.

---

दौत-टाक

छापण्याच्या रीतीबद्दल थोडं. इंग्रजी वाचन आणि मराठी अनुवाद समोरासमोरच्या पानांवर द्या. वाचनात स्पेलिंग सुधारू नका, खोडलेला शब्दही खोडलेलाच दाखवा. भोकामुळे गेलेलं आणि तुम्ही अंदाजाने भरलेलं चौकटी कंसात टाका. शंका असेल तिथे कंसात प्रश्नचिन्ह. अनुवादात हे सगळं नको, वाचणं जड होतं. फक्त जिथे तुमच्या अंदाजावर वाक्याचा अर्थ उभा आहे तिथे टीप द्या.

आडवा मजकूर सुरू होतो तिथे ‘येथून पहिल्या पानावर आडवे’ अशी ओळ टाका. आणि पहिल्या पानाचं रंगीत छायाचित्र पूर्ण पानभर छापा. लहान केलंत तर दोन्ही दिशांचा मजकूर एकमेकांत मिसळून नुसती जाळी दिसेल. पैशाचा प्रश्न असेल तर बाकीची तीन पानं काळीपांढरी चालतील.